बीथोवेनकडून सेगावकडे

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

वर्ध्याला पाहुणे आले की त्यांना सेवाग्रामला न्यायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पाहुणे बापूकुटीत वाकून शिरतात, गांधीजींची बैठक पाहतात, दोन मिनिटे गप्प बसतात आणि बाहेर येतात. मातीच्या भिंतींवर उठावाने काढलेली ताडाची झाडे आणि चरखा यांच्याकडेही त्यांची नजर जाते. परंतु हे काम कोणाच्या हातचे, असे विचारणारे थोडेच. ते मीराबेनच्या हातचे. झोपडीही मुळात त्यांचीच होती. पुढे तिच्यात थोडा फेरफार झाला आणि गांधीजी तिथे राहायला आले.

मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, वडील ब्रिटिश आरमारातले मोठे अधिकारी. त्या भारतात कशा आल्या, असे कोणाला विचारले तर रोमाँ रोलाँ यांचे गांधीजींवरील पुस्तक वाचून, असे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अर्धेच. रोलाँ यांच्याकडे त्या गांधींची चौकशी करायला गेल्याच नव्हत्या. त्या गेल्या होत्या बीथोवेनसाठी. हा जर्मन संगीतकार मध्ये नसता तर मॅडलिनबाई सेगावपर्यंत पोहोचल्या असत्या की नाही, मला शंका आहे. म्हणून आज त्या अर्ध्या उत्तराचा उरलेला भाग सांगायचा आहे.

मॅडलिनने बीथोवेन पहिल्यांदा मनापासून ऐकला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि समोर वाजवणारा कोणी नव्हता. वडिलांनी घरी एंजेलस नावाचे यंत्र आणले होते. पियानोला जोडायचे हे यंत्र कसे चालते ते सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. कागदाची लांब गुंडाळी असते आणि तिच्यावर बारीक भोके पाडलेली असतात. पायाने भाता चालवायचा. गुंडाळी सरकत जाते, ज्या ठिकाणी भोक येते तिथून हवा खेळते आणि त्या त्या स्वराची पट्टी दाबली जाते. आपल्या नाटक कंपन्यांत जी पायपेटी असे, तिच्या भात्याची आठवण व्हावी असाच प्रकार. फरक एवढाच की पायपेटीवर बोटे वादकाची, इथे बोटांचे काम कागद करतो. मात्र लय किती ठेवायची, जोर कुठे द्यायचा, हे यंत्र चालवणाऱ्याच्या हाती थोडेफार राहते. त्यामुळे ते नुसते ऐकणे नव्हते. ज्याची बोटे पियानोवर वळत नाहीत त्यालाही ती रचना आपल्या हातून घडते आहे असे वाटे. मॅडलिनची बोटे वळत नव्हती.

गुंडाळ्यांच्या त्या ढिगात एक निघाली बीथोवेनच्या सोनाट्याची, कृतिक्रमांक ३१ मधली दुसरी रचना. संगीताचे जाणकार तिला ‘टेम्पेस्ट’ म्हणजे वादळ या नावाने ओळखतात. नाव बीथोवेनने दिलेले नाही, नंतर चिकटलेले आहे. मॅडलिनने ती गुंडाळी पुन्हा पुन्हा लावली. हे साल १९०८च्या आसपासचे. याच १९०८ साली आपल्याकडे कलकत्त्याला ग्रामोफोनच्या तबकड्या दाबण्याचा कारखाना सुरू झाला. गौहरजानचे गाणे त्याआधी सहा वर्षे, १९०२ साली मुद्रित झाले होते, पण तबकड्या तयार होऊन यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. यंत्रातून गाणे ऐकण्याची सवय लागलेली पहिली पिढी एकाच वेळी इंग्लंडच्या बंगल्यात आणि आपल्याकडच्या दिवाणखान्यात घडत होती.

ज्याला आपण आवडनिवड म्हणतो तिचे काय करायचे, हा प्रश्न या पिढीपुढे नव्याने आला. पूर्वी गावात जो गवई येईल तो ऐकायचा. आता कोणाचे गाणे विकत घ्यायचे, कपाटात कोणाचे ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. मॅडलिनने एकच नाव निवडले आणि बाकीच्यांकडे जवळजवळ पाठ फिरवली. याला काही जण एकारलेपणा म्हणतील. पण आपल्याकडेही गंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते असे तट पडलेच होते की! दोघांचे ‘संयुक्त मानापमान’ जुलै १९२१ मध्ये मुंबईत झाले तेव्हा त्या तटांची चुरस तिकिटांवर दिसली, आणि पैसे गेले गांधीजींच्या टिळक स्वराज्य फंडाला.

मध्ये वडिलांच्या नोकरीमुळे मॅडलिनची मुंबईतही सुमारे दोन वर्षे गेली. बंगला, मेजवान्या आणि आरमारातली उठबस. त्या मुक्कामात हिंदुस्थान तिला दिसलाच नाही. मग पहिले महायुद्ध झाले आणि इंग्लंडमध्ये जर्मन म्हणून जे जे होते त्यावर लोकांचा रोष आला. त्यात संगीतही सापडले.

फ्रेडरिक लॅमंड नावाचा एक पियानोवादक होता. जन्माने ग्लासगोचा स्कॉटिश, पण शिक्षण आणि संसार जर्मनीत. बीथोवेन वाजवावा तर लॅमंडनेच, अशी त्याची ख्याती. युद्धानंतर लंडनमध्ये त्याला पूर्वीसारखे व्यासपीठ मिळेना. मॅडलिन स्लेडने त्याच्या बीथोवेनच्या मैफली स्वतः पुढाकार घेऊन भरवल्या. आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने हे करणे त्या दिवसांत सोपे नव्हते. शत्रूच्या देशातला म्हणून त्याचे सूर टाकून द्यायचे नाहीत, एवढे तिने या वयात स्वतःच्या कानाच्या जोरावर ठरवले होते. पुढे ज्या माणसाकडे ती गेली, त्याने सत्तेशी लढताना इंग्रज माणसाचा द्वेष करू नका हेच सांगितले. तिला ते पटवून द्यावे लागले नसेल. याच लॅमंडने १९२२ साली बीथोवेनचा ‘एम्परर’ कॉन्चेर्टो ग्रामोफोनसाठी वाजवला. तो ध्वनिसंग्राहकांत आजही शोधला जातो.

बीथोवेन जिथे राहिला त्या व्हिएन्नाकडच्या आणि जर्मनीतल्या जागा मॅडलिन पाहून आली. मग रोलाँ यांची ‘जाँ ख्रिस्तोफ’ ही दहा खंडांची कादंबरी तिच्या वाचनात आली. नायक जर्मन संगीतकार आणि त्याच्यावर बीथोवेनची दाट सावली. १९०३ साली बीथोवेनचे चरित्र लिहिणारे रोलाँ स्वतः संगीताच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून मॅडलिन फ्रेंच शिकली आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हिलनव्ह इथे त्यांना भेटली. बोलण्याच्या ओघात रोलाँ यांनी आपल्या नव्या छोट्या पुस्तकाचा विषय काढला. हे गांधी कोण, हे तिला ठाऊक नव्हते. रोलाँ यांनी त्यांची तुलना ख्रिस्ताशी केली. पुस्तक निघाल्यावर तिने ते एका दिवसात वाचून काढले. नंतर वर्षभर सूत कातणे, जमिनीवर झोपणे, मांसाहार सोडणे, उर्दू शिकणे, अशी तयारी करून ७ नोव्हेंबर १९२५ला ती साबरमतीला पोहोचली. गांधीजींनी तिचे नाव मीरा ठेवले. नावातही संगीत आलेच, पण वेगळ्या देशाचे.

इथून पुढे मीराबेनच्या आयुष्यात बीथोवेन ऐकू येत नाही. आणि गंमत पाहा, नेमक्या याच वर्षांत बीथोवेन जगात कधी नव्हता इतका सहज ऐकू येऊ लागला. १९२५च्या सुमारास भोंग्याऐवजी मायक्रोफोन लावून विजेच्या साह्याने मुद्रण सुरू झाले आणि वाद्यवृंदाचा आवाज तबकडीत मावू लागला. १९२७ साली बीथोवेनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. कोलंबिया कंपनीने त्याच्या नऊच्या नऊ सिम्फनी तबकड्यांवर बाजारात आणल्या. ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटे मावत. म्हणजे एक सिम्फनी ऐकायची तर आठ-दहा वेळा उठायचे, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची. तरीही लोक घेत होते. रेकॉर्ड जमवणे हा छंद खऱ्या अर्थाने तेव्हा रुजला. मीराबेन त्या वेळी हिंदी शिकत होत्या, पेळू वळत होत्या आणि आश्रमाच्या पहाटेच्या प्रार्थनेला बसत होत्या.

गांधीजींचा स्वतःचा कान कसा होता? विलायतेत विद्यार्थी असताना सभ्य गृहस्थ होण्याच्या नादात त्यांनी नाचाचा वर्ग लावला. पियानोची लय काही कळेना. मग पाश्चात्त्य संगीताचा कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले, शिकवणीही लावली. थोड्याच दिवसांत सगळे सोडून दिले आणि व्हायोलिन विकून टाकायला सांगितले. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी हे मोठ्या मौजेने सांगितले आहे. पण म्हणून त्यांना संगीताचे वावडे होते असे मुळीच नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांना त्यांनी साबरमतीला ठेवून घेतले. ‘आश्रम भजनावली’ खऱ्यांच्या हातून तयार झाली आणि आश्रमाची भजने रागात बसली. काही ख्रिस्ती प्रार्थनागीतेही गांधीजींना अतिशय प्रिय होती, त्यांचे सूर तर शुद्ध विलायती. माझ्या मते खरा फरक पूर्व-पश्चिमेचा नाहीच. गांधीजींना गाण्यात शब्द लागत. शब्दात देव, नाही तर माणसाचे दुःख लागे. बीथोवेनच्या सोनाट्यात शब्दच नाहीत. मीराबेन ज्या संगीताने घडल्या होत्या ते बापूंच्या कानाला जवळजवळ परके होते.

हे दोन कान एकदा एका खोलीत आले. १९३१ची गोलमेज परिषद आटोपून गांधीजी ६ डिसेंबरला व्हिलनव्हला रोलाँ यांच्याकडे गेले, मीराबेन सोबत होत्याच. त्या पाच दिवसांचे वर्णन रोलाँ यांनी एका अमेरिकन स्नेह्याला पत्राने कळवले, ते वाचनीय आहे. लेमान सरोवराच्या परिसरातल्या दूधवाल्यांच्या संघाने म्हणे फोन करून हिंदुस्थानच्या राजाला दूध पुरवायची इच्छा कळवली! शेवटच्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर गांधीजींनी आपण होऊन थोडा बीथोवेन वाजवून दाखवायला सांगितले. बीथोवेन त्यांना माहीत नाही, हे रोलाँ यांनी स्पष्ट लिहिले आहे. पण मीरेला रोलाँकडे आणि तिथून आपल्याकडे आणणारा दुवा हाच, हे गांधीजींना माहीत होते. रोलाँ यांनी पाचव्या सिम्फनीतला संथ भाग पियानोवर वाजवला. पाचवी म्हटले की लोकांना तिची सुरुवातीची ठोकर आठवते. रोलाँ यांनी ती वगळून शांत भाग निवडला, यात यजमानाची समज दिसते. त्याला त्यांनी ग्लुकच्या ‘ऑर्फिअस’ ऑपेरातला, पुण्यात्म्यांच्या स्वर्गीय कुरणाचा, बासरीचा भाग जोडला.

त्या खोलीत तीन जण तीन तऱ्हांनी ऐकत होते. वाजवणारा आयुष्यभर या संगीताचा अभ्यास केलेला. मागणी करणारा स्वतःसाठी नव्हे, शिष्येच्या पूर्वायुष्याला नमस्कार म्हणून ऐकणारा. आणि मीराबेन? सहा वर्षांनी कानावर आलेला बीथोवेन, तोही ज्याने तिला वाट दाखवली त्याच्या बोटांतून आणि ज्याच्याकडे ती वाट गेली तो शेजारी बसलेला. आश्रमात बीथोवेनला बंदी होती अशी काहींची समजूत असते, तिला या संध्याकाळनंतर जागा राहत नाही. सोडला तो मीराबेननी स्वतः.

त्याआधी दोन महिने, लंडनला किंग्जली हॉलमध्ये मुक्काम असताना, कोलंबिया कंपनीने गांधीजींचा आवाज मुद्रित करून घेतला होता. राजकारणावर बोलायचे त्यांनी नाकारले आणि ईश्वरावरचा आपलाच एक जुना लेख वाचला. दोन बाजू मिळून सहा मिनिटे. ज्या कंपनीने चार वर्षांपूर्वी बीथोवेनच्या नऊ सिम्फनी काढल्या, तिच्याच शिक्क्याची ही तबकडी. मीराबेनच्या आयुष्यातली दोन्ही माणसे अशी एका छापाखाली आली. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या कपाटात ती शेजारी शेजारी सापडू शकतात.

मग आपला वर्धा जिल्हा येतो. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत होते. मीराबेन जवळच्या सिंदी गावात सफाईचे काम करू लागल्या. रोज पहाटे बादली आणि फावडे घेऊन रस्त्याकडेची घाण उचलायची. लोकांची सवय बदलेना. तिथून त्या सेगावला गेल्या आणि ३० एप्रिल १९३६ला गांधीजीही सेगावात आले. सेगावची टपाले शेगावला जाऊ लागली म्हणून १९४० साली गावाचे सेवाग्राम झाले.

इथे पुन्हा लंडनकडे एक नजर टाकू. १९३२ ते १९३५ या काळात आर्टुर श्नाबेल हा पियानोवादक बीथोवेनचे बत्तीसही सोनाटे एचएमव्हीसाठी वाजवत होता. ते सर्व मुद्रित होण्याची ही पहिलीच वेळ. एवढा खर्च निघणार कसा? म्हणून कंपनीने सोनाटा सोसायटी काढली, वर्गणीदार आधी नोंदवले आणि त्यांच्या पैशावर संच काढले. आपल्याकडे ग्रंथ प्रकाशनाआधी सवलतीची नोंदणी करतात, तसेच. त्या बत्तिसांत मीराबेनचा तो पंधराव्या वर्षीचा सोनाटाही होता. इंग्लंडमध्ये त्या राहिल्या असत्या तर वर्गणीदारांच्या यादीत त्यांचे नाव पहिल्या पानावर असते. त्या वेळी त्या सिंदीत फावडे चालवत होत्या.

सेगावात ऐकायला काय होते? पहाटेची आणि संध्याकाळची प्रार्थना, रामधून, गीतेतले स्थितप्रज्ञाचे श्लोक, कुराणातल्या आयती, ख्रिस्ती गीत. जपानी बौद्ध भिक्षूंचा मंत्र आणि त्यांचा हातातला डफासारखा ढोल हीही सेवाग्रामची खूण झाली. फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, तिथपासून हा धागा आहे. त्याखेरीज बैलांच्या घुंगुरमाळा, मोट, जातं. जगातल्या इतक्या ठिकाणचे सूर या एवढ्याशा गावात एकत्र आले आणि ज्याच्यामुळे हे गाव मीराबेनना लाभले तो एक तेवढा नाही.

गांधीवादी चरित्रकार या मौनाकडे त्यागाचा एक दाखला म्हणून पाहतात. दागिने सोडले, केस कापले, तसा बीथोवेन सोडला. मला हे पटत नाही. दागिना सोडला की संपतो. ज्याच्या स्वरांनी माणूस घडला ते सुटत नाही, फार तर कोपऱ्यात सरते. शिवाय बीथोवेनला नुसती पायरी ठरवण्यात त्याच्यावरही अन्याय होतो. उलट बाजूला, पाश्चात्त्य संगीताचे प्रेमी म्हणतात की आश्रमाने एका रसिक बाईचे नुकसान केले. तेही खरे नाही. सेगावची झोपडी, त्या भिंतीवरची माती, ही कोणा सुकलेल्या मनाच्या बाईची कामे नाहीत.

१९४२च्या ऑगस्टमध्ये गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई आणि कस्तुरबा दोघांचे मृत्यू त्यांनी पाहिले. सुटकेनंतर त्या वर्ध्याला रमल्या नाहीत, हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या. गोसेवा, जंगल, शेती असे प्रयोग केले. बापू गेले. नव्या सरकारच्या धोरणांशी त्यांचे सूर जुळेनात. अशा वेळी रोलाँ यांचे बीथोवेनवरील लेखन त्यांनी पुन्हा उघडले आणि तीस वर्षे कोपऱ्यात सरलेले सगळे वर आले. १९५९ साली त्यांनी भारत सोडला. ‘द स्पिरिट्स पिल्ग्रिमेज’ या १९६० साली आलेल्या आत्मचरित्राच्या शेवटी त्या वळतात त्या बीथोवेनकडेच. अनेकांना हे खटकले. गांधींची मीरा म्हातारपणी पुन्हा युरोपात?

व्हिएन्नाच्या आसपासच्या टेकड्यांत त्या राहू लागल्या. बीथोवेन ज्या रानवाटांनी फिरायचा तोच हा मुलूख. सोबत एक भारतीय नोकर आणि अंगावर खादी. तिथे त्यांनी बीथोवेनच्या अभ्यासाला वाहून घेतले आणि त्यात एक गोष्ट होती जी एरवीच्या पाश्चात्त्य अभ्यासकांना किरकोळ वाटत असे. १८१२ ते १८१८ या वर्षांतल्या आपल्या रोजनिशीत बीथोवेनने भारतीय धर्मग्रंथांतले उतारे उतरवून ठेवलेले आहेत. जर्मन भाषेत नुकतीच आलेली भाषांतरे तो वाचत होता. ऐकू येणे बंद होत चाललेला तो माणूस निराकार ब्रह्माविषयीची वाक्ये वहीत लिहून घेत होता. सेवाग्रामच्या प्रार्थनेत वर्षानुवर्षे बसलेल्या बाईला त्या वहीत काय दिसले असेल, हे वर्ध्याच्या माणसाला जास्त सांगायला नको.

२० जुलै १९८२ रोजी त्या ऑस्ट्रियातच वारल्या, नव्वदीला चार महिने कमी असताना. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले होते. बीथोवेनवर त्यांनी लिहून ठेवलेले पुस्तक त्यांच्या हयातीत निघाले नाही. ते पुढे प्रसिद्ध झाले, आणि तेही व्हिएन्नात किंवा लंडनला नाही, भारतात मदुराईला, खादीच्या कार्यकर्त्यांनी काढले.